परीक्षक क्रमांक एक

सरांनी टेबलावरून सरकवलेले कागद धाकटीनं उचलले आणि पहिली ओळ वाचली. ते कागद तिचेच होते.

"हे जरा वाचून टाका," सर म्हणाले. "एका संशोधनपत्रिकेनं परीक्षणासाठी पाठवलंय. लिफ्टमधल्या माणसांवर आहे. म्हटलं, आपल्याकडे लिफ्टवाल्या बाई आहेतच."

"कुणी लिहिलंय, सर?" धाकटीनं आवाज शक्य तितका साधा ठेवला, तरी तो शेवटी चिरकलाच.

"ते कळत नाही. लेखकाचं नाव परीक्षकाला सांगत नाहीत आणि परीक्षकाचं लेखकाला. त्यामुळे कुणाची भीडभाड नाही. चांगलं कडक लिहा, तीन-चार पानं. शेवटी सही माझी जाईल."

"पण सर, परीक्षण तुमच्याकडे आलंय ना? तुम्ही वाचायला..."

"अहो, मी वाचणारच आहे! तुमचं वाचून झालं की."

एवढं बोलून सरांनी चष्मा कपाळावर चढवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला की भेट संपली, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी कागद छातीशी धरून बाहेर पडली. पहिल्या पानावर, जिथं तिचं नाव असायचं, तिथं पत्रिकेच्या ऑफिसनं पांढरी पट्टी चिकटवून मग झेरॉक्स काढली होती. पट्टी थोडी तिरकी लागली होती. बाकी स्वल्पविरामसुद्धा तिचेच होते.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. घरात दोन सुना. थोरली दातांची डॉक्टर होती आणि धाकटी गेली पाच वर्षं डॉक्टर होत होती. फरक एवढाच की धाकटीला कुणाचे दात काढायचे नव्हते, तिला पीएच.डी. करायची होती. विषय होता, लिफ्टमध्ये माणसं बोलतात का, बोलत असतील तर काय, आणि गप्प बसत असतील तर का. पाहुण्यांना विषय समजावून सांगायची वेळ आली की नवरा आपणहून चहा करायला उठायचा.

विद्यापीठाचा नियम साधा होता. एखाद्या मान्यताप्राप्त पत्रिकेनं निदान एक शोधनिबंध स्वीकारला पाहिजे, त्याशिवाय प्रबंध दाखल करून घेणार नाहीत. नोंदणीची मुदत संपायला आता दोन महिने उरले होते. विभागाचे हेडक्लार्क तिला जिन्यात भेटले तरी नमस्काराऐवजी उरलेले दिवस सांगत.

निबंध तिनं लिहिला होता. त्याचा मसुदा साडेसहा महिन्यांपूर्वी सरांच्या हातात दिला होता. सर फार वाचणारे म्हणून प्रसिद्ध होते. "एक पान लिहायचं तर आधी शंभर पानं वाचा," असं ते दर सोमवारी सांगत. पण धाकटीच्या मसुद्याचा विषय निघाला की ते म्हणत, "बघतो." मसुदा दोन महिने टेबलावर होता, मग दोन महिने खिडकीत. उन्हाळा लागला आणि टेबलफॅनचा वारा सरांच्या कपाळाऐवजी पोटाला लागू लागला, तेव्हा शिपायानं फॅनची उंची वाढवायला त्याखाली एक जाड गठ्ठा सरकवला. त्यात सगळ्यात वर धाकटीचा मसुदा होता. त्या दिवसापासून सर दोनदा "बघतो" म्हणाले आणि दोन्ही वेळा फॅनकडे बघूनच म्हणाले.

शेवटी धाकटीनं धीर करून निबंध स्वतःच पत्रिकेला पाठवून दिला. सरांना न सांगता, घरचा पत्ता देऊन. म्हणून ती कोणत्या विभागातली हे बिचाऱ्या संपादकांनाही कळलं नव्हतं. त्यांनी या विषयातला जाणकार शोधला आणि त्यांना सर सापडले.

आता सरांना खरं सांगावं, तर त्यातही अडचण होती. यापूर्वी एका विद्यार्थ्यानं असाच परस्पर निबंध पाठवला होता. सर त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. तो समोर उभा असला तरी "त्यांना खिडकी लावायला सांगा," असं हेडक्लार्कांमार्फत कळवत.

घरी आल्यावर तिनं सगळी हकिकत सांगितली. नवऱ्याचं खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. एका काचेवर फुंकर मारत तो म्हणाला, "मग अडचण काय आहे? लिही, 'अत्युत्तम. ताबडतोब छापा.' सुटलीस!"

"अरे, स्वतःचाच पेपर स्वतः तपासायचा?"

"एवढी संधी कुणाला मिळते? मला कुणी माझेच डोळे तपासायला दिले तर मी काय नंबर काढेन?"

"सर ओळखतील ना. त्यांना कडक हवंय."

"मग नापास कर. कुणाला संशयसुद्धा येणार नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय असेल ते खरं लिही आणि मोकळी हो. खोटं लिहिलं की लक्षात ठेवावं लागतं." सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढली होती. त्यांच्या मतांना घरात वजन होतं.

धाकटीला ते पटलं. रविवारी सकाळी लाल पेन्सिल घेऊन ती बाल्कनीत बसली. आपण हा पेपर आयुष्यात कधी पाहिलेला नाही असं तिनं स्वतःला बजावलं. पहिलं पान तिला आवडलं. माणूस बरा लिहितो, असं वाटलं. दुसऱ्या पानावर सरांच्या जुन्या पुस्तकाचा आदरानं उल्लेख होता, तोही योग्य वाटला. तिसऱ्या पानावर 'सर्वसाधारणपणे' हा शब्द नऊ वेळा आला, तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. चौथ्या पानावरच्या तक्त्यात तिनं सहज बेरीज केली. गप्प राहणारे, पुटपुटणारे, हवामानावर बोलणारे आणि फोन कानाला लावून कुणाशीच न बोलणारे, असे सगळे मिळून एकशे बारा टक्के लोक झाले होते.

"हा काय निष्काळजीपणा!" ती मोठ्यानं म्हणाली.

पुढे तर कहरच होता. निबंधाचा निष्कर्ष होता की लिफ्टमध्ये माणसं जवळजवळ बोलतच नाहीत. आणि पद्धतीच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'संशोधिका वही-पेन घेऊन लिफ्टच्या कोपऱ्यात उभी राहून नोंदी करत असे.' धाकटीनं ते वाक्य दोनदा वाचलं. कोपऱ्यात एक बाई वही उघडून तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल, तर तुम्ही बोलाल का? तिची ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला तिचा भयंकर राग आला. पाच वर्षांत ही साधी गोष्ट सुचू नये? हिच्या गाईडनं तरी काय पाहिलं?

मग ती लिहीतच सुटली. साडेचार पानं झाली. 'लेखकानं वही न नेता, दवाखाने आणि राहत्या इमारती धरून, किमान चाळीस लिफ्टमध्ये पुन्हा निरीक्षणं करावीत,' असं लिहून तिनं 'किमान'च्या खाली रेघ ओढली, तेव्हा तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

सरांनी परीक्षण उभ्या उभ्या वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! याला म्हणतात वाचन! बाई, तुम्ही लिहिता त्यापेक्षा वाचता चांगलं." मग पेन काढून त्यांनी शेवटी एक मुद्दा आपल्या हातानं घातला. 'लेखकानं या क्षेत्रातलं मूलभूत पुस्तकही वाचलेलं दिसत नाही.' पुढे स्वतःच्या पुस्तकाचं नाव घातलं.

"सर, दुसऱ्या पानावर..." धाकटीनं सुरुवात केली.

"काय?"

"काही नाही, सर."

सही झाली आणि परीक्षण रवाना झालं.

दहा दिवसांनी संपादकांची मेल आली. सोबत दोन परीक्षणं होती. परीक्षक क्रमांक दोन यांनी लिहिलं होतं, 'छान आहे. छापावा.' परीक्षक क्रमांक एक यांची साडेचार पानं आणि खाली तो पुस्तकाचा मुद्दा होता. संपादकांनी कळवलं होतं, 'परीक्षक एक यांचे सर्व आक्षेप दूर करून सुधारित निबंध तीन आठवड्यांत पाठवावा.'

नवऱ्याला हसू आवरेना. "किमान चाळीस! आणि त्याखाली रेघ!"

"हसू नकोस. तीन आठवड्यांत चाळीस लिफ्ट कशा व्हायच्या?"

"दहा लिहायचं होतंस."

"तेव्हा मला काय माहीत, चढायचं मलाच आहे!"

हे खरं तर तिला माहीत होतं, पण लिहिण्याच्या भरात लक्षात राहिलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी पिशवी उचलली. "चल. लोकांचं बोलणं कानावर पडत असताना पडत नाही असा चेहरा करायची मी तीस वर्षं नोकरी केलीय. वही घरी ठेव. मी लक्षात ठेवते, तू खाली उतरल्यावर लिहून घे."

दुसऱ्या दिवसापासून सासू-सुना लिफ्टनं वर-खाली करू लागल्या. आधी दवाखाने झाले, मग सरकारी कार्यालयं, मग राहत्या इमारती. सासूबाई आत शिरल्या की चेहरा असा करत, जणू त्यांना फक्त आपल्या गुडघ्याची काळजी आहे. आणि आश्चर्य म्हणजे लोक बोलत. नुसते बोलत नसत, भडाभडा बोलत. एका गृहस्थांनी तळमजल्यावर सासूबाईंना "कितवा मजला?" विचारलं आणि पाचवा येईपर्यंत आपण नोकरीचा राजीनामा खिशात घेऊन वर चाललोय, बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथपर्यंत सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी तिला फोन करा." ते सहाव्यावर जायचे ते पुन्हा खाली आले. ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची याचा धाकटीला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

एका राहत्या इमारतीत वॉचमननं त्यांना हटकलं. सकाळपासून दोघींच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.

"कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"सातव्या मजल्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता सातव्यावरूनच आलात ना?"

"मग आठव्या."

"मावशी, इमारत सातच मजल्यांची आहे."

सासूबाईंनी इमारतीकडे मान वर करून पाहिलं. "बघ गं," त्या सुनेला म्हणाल्या, "म्हणूनच सापडत नव्हतं घर." आणि तिथून त्या इतक्या रुबाबात बाहेर पडल्या की वॉचमननं फाटक उघडून धरलं.

एकोणतिसाव्या लिफ्टमध्ये मात्र त्यांचे गुडघे खरोखरच बोलू लागले. आत दोघीच होत्या.

"कोण मेला हा परीक्षक? याला काही कामधंदा नाही का? चाळीस म्हणे!"

"आई, परीक्षक मीच ना."

"तू नव्हेस गं, तो चाळीस म्हणणारा."

"चाळीस मीच म्हटलंय."

सासूबाईंनी दोन मजले नुसते गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "पण बरोबर म्हटलंयस. पहिल्या दहात तो राजीनामावाला भेटलाच नसता."

धाकटीलाही आता तेच वाटू लागलं होतं. पाच वर्षांत तिला जे दिसलं नव्हतं, ते या अठरा दिवसांत दिसलं. निष्कर्ष पार उलटा झाला. माणसं लिफ्टमध्ये गप्प राहत नाहीत, ती फक्त वहीसमोर गप्प राहतात. पुन्हा भेटणार नाही अशा माणसाला ती घरी न सांगितलेलं सांगून टाकतात. धाकटीनं निबंध नव्यानं लिहिला, बेरीज नवऱ्याकडून दोनदा तपासून घेतली आणि सोबतच्या पत्रात लिहिलं, 'परीक्षक क्रमांक एक यांच्या बारकाईच्या वाचनामुळे लेखिकेचे डोळे उघडले. त्यांचे मनापासून आभार.' स्वतःचे आभार मानताना तिला संकोच वाटला, पण त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

चार दिवसांनी सरांनी तिला बोलावलं. "बसा," ते म्हणाले. सर कधी कुणाला बसा म्हणत नसत. टेबलावर तिचा सुधारित निबंध होता, त्याच तिरक्या पट्टीसह.

"बाई, मन घट्ट करा. तुमचा विषय गेला."

"कुठे, सर?"

"या माणसानं पळवला. आपण सांगितलं ते सगळं यानं केलं, तेही तीन आठवड्यांत! चाळीस लिफ्ट! काय कामाचा माणूस आहे! आता तुम्ही त्याच विषयावर वेगळं काय लिहिणार? तुमचं झालंय तरी कुठवर? आणा बघू, ताडून पाहू."

"माझा मसुदा तुमच्याकडेच आहे, सर."

"माझ्याकडे? कुठे?"

"फॅनखाली."

सरांनी गठ्ठा ओढला. फॅननं मान टाकली आणि टेबलावरचे सगळे कागद खोलीभर उधळले. दोघांनी ते गोळा केले. मग सर खुर्चीत बसले, आठ महिन्यांत प्रथमच त्यांनी मसुदा उघडला आणि शेजारी पत्रिकेकडून आलेला पहिला निबंध ठेवला. ते एक ओळ इकडची वाचत, एक तिकडची. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"बाई! हे शब्द न् शब्द तेच आहे!"

"हो सर. त्याचं असं आहे की..."

"तक्तासुद्धा तोच! बेरीजसुद्धा एकशे बारा! अहो, चोरी करायची तर निदान बेरीज तरी स्वतःची करायची! मी विश्वासानं तुम्हाला वाचायला दिलं आणि तुम्ही त्यातलंच उचलून मला दिलंत?"

"सर, मसुदा मी आठ महिन्यांपूर्वी दिलाय. हा निबंध तुमच्याकडे सहा आठवड्यांपूर्वी आला."

सरांनी हेडक्लार्कांना हाक मारली. हेडक्लार्क आवक रजिस्टर घेऊन आले, बोट फिरवत एका नोंदीवर थांबले आणि त्यांनी तारीख वाचून दाखवली. आठ महिने आणि वर चार दिवस झाले होते.

सरांनी ती तारीख बोट ठेवून पुन्हा वाचली. मग ताडकन उठले. "म्हणजे त्यानं तुमचं चोरलं!"

"नाही सर, तसं नाही..."

"तुम्ही बोलू नका! तुम्ही भोळ्या आहात. माझ्या विद्यार्थिनीच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर कुणी डल्ला मारतो आणि वर मलाच परीक्षणाला पाठवतो? मी याला सोडणार नाही. बसा त्या कॉम्प्युटरवर. मी सांगतो ते टाइप करा."

सर फेऱ्या मारत मजकूर सांगू लागले. धाकटी टाइप करू लागली. दारात हेडक्लार्क हात पोटाशी धरून उभे होते. त्यांना जायला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपणहून जायची त्यांची इच्छा नव्हती.

"'सदर लेखक हा अत्यंत निर्लज्ज इसम असून...' झालं?"

"झालं, सर."

"'निर्लज्ज' ठळक करा. 'त्याचं नाव आम्हांस ताबडतोब कळवावं, म्हणजे त्याची नोंदणी रद्द करण्याची आम्ही शिफारस करू.' झालं?"

कळफलकाचा आवाज थांबला होता.

"सर," धाकटी म्हणाली, "तो इसम मी आहे."

पडलेल्या फॅनचं पातं टेबलाला खट् खट् लागत होतं, तेवढाच आवाज खोलीत राहिला. हेडक्लार्कांनी जाऊन त्याचं बटण बंद केलं आणि पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही?" सर सावकाश म्हणाले. "मग परीक्षण कुणी लिहिलं?"

"मीच. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"आणि चाळीस लिफ्ट?"

"मीच सांगितल्या, मीच चढले. सोबत सासूबाई होत्या."

"म्हणजे मला न दाखवता तुम्ही परस्पर निबंध पाठवलात!"

"दाखवला होता, सर," ती म्हणाली. तिचे डोळे आता भरून आले होते. "आठ महिने रोज दाखवत होते."

सरांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवक रजिस्टर अजून त्यांच्यासमोर उघडंच होतं. ते मिटत खाली बसले. जरा वेळानं त्यांना काहीतरी आठवलं. "आणि ते मूलभूत पुस्तक वाचलेलं दिसत नाही, असं मी लिहिलं, ते..."

"माझ्याबद्दलच, सर. ते मी तीनदा वाचलंय. दुसऱ्या पानावर त्याचा उल्लेख आहे."

सरांनी दुसरं पान उलटलं. उल्लेख होता, चांगला पाच ओळींचा. सरांनी तो वाचला. मग त्यांनी तिसरं पान वाचलं, मग चौथं. हेडक्लार्कांनी धाकटीला बाहेर चलण्याची खूण केली. दार ओढून घेताना ते कुजबुजले, "वाचू द्या. मोडता घालू नका."

त्याच संध्याकाळी सरांनी तिला पुन्हा बोलावलं. 'निर्लज्ज इसम' खोडलेला होता आणि त्याजागी संपादकांना जे घडलं ते सरळ लिहिलेलं होतं. परीक्षण सरांनी स्वतः न करता विद्यार्थिनीला दिलं आणि ती विद्यार्थिनीच लेखिका निघाली. खाली दोघांच्या सह्या झाल्या. सर तिच्याशी अजून नीट बोलत नव्हते, पण बोलायचं ते हेडक्लार्कांमार्फत नव्हतं, एवढाच तिला दिलासा.

आठवड्यानं उत्तर आलं. धाकटीनं ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. परीक्षक क्रमांक एक यांचं परीक्षण नियमानुसार रद्द करण्यात येत आहे. सबब त्या परीक्षणावरून केलेल्या सर्व सुधारणाही रद्द समजाव्यात. परीक्षक क्रमांक दोन यांच्या अनुकूल मतानुसार आपला मूळ निबंध आहे तसा स्वीकारण्यात आला आहे. अभिनंदन.'

"झालं की!" नवऱ्यानं टाळी वाजवली. "स्वीकारला! मुदतीला किती दिवस आहेत?"

"नऊ."

"मग रडतेस कशाला?"

"अरे, मूळ निबंध म्हणजे एकशे बारा टक्क्यांचा! त्यात वही घेतलेली बाई आहे. आणि कुणीच बोलत नाही असा निष्कर्ष आहे."

"म्हणजे मी ऐकलेलं सगळं गेलं?" सासूबाईंनी विचारलं. "तो राजीनामावालासुद्धा?"

"सगळं गेलं, आई."

जेवण झाल्यावर सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "छापून आलं की ते तुझ्या नावावर कायमचं राहतं ना?"

सकाळी धाकटी सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, मला तो निबंध छापायचा नाही. मी मागे घेतेय."

"नऊ दिवस राहिलेत. तो छापला की प्रबंध दाखल होतो."

"पण तो चुकीचा आहे, सर. मी वाचलाय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "मीही वाचलाय," ते म्हणाले. "दोन्ही वाचलेत. दुसरा चांगला आहे. फार चांगला आहे." मग घसा साफ करून ते हेडक्लार्कांना हाक मारत उठले. "मुदतवाढीचा अर्ज आहे का हो?"

सुधारित निबंध नव्या परीक्षकाकडे जाऊन यायला चार महिने तरी लागणार होते. त्यासाठी मुदतवाढ हवी होती, आणि मुदतवाढीच्या अर्जात 'विलंबाचं कारण' हा रकाना मार्गदर्शकानं भरायचा असतो. सरांनी पेन उघडलं, क्षणभर थांबले आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'विद्यार्थिनीनं मसुदा वेळेत दिला. मार्गदर्शकानं तो आठ महिने वाचला नाही.' खाली लफ्फेदार सही केली.

हेडक्लार्कांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. "सर, हे असंच ठेवायचं?"

"असंच."

"त्याचं काय आहे, कॉम्प्युटरमध्ये कारणं ठरलेली आहेत. आजारपण, बाळंतपण, बदली आणि नैसर्गिक आपत्ती. चारच आहेत. 'मार्गदर्शकानं वाचलं नाही' यातल्या कशातच बसत नाही. आजवर असं कुणी लिहिलेलंच नाही ना."

"मग त्यातल्या त्यात जवळचं असेल ते निवडा," सर म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवणार, तो त्यांनी पुन्हा नाकावर आणला. समोर धाकटीच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण होतं.

हेडक्लार्कांनी सरांकडे एकदा नीट निरखून पाहिलं, मग पडद्यावरची यादी पाहिली आणि एक बटण दाबलं.

मंजुरी सहाव्या दिवशी आली. हेडक्लार्कांनी ती सरांच्या टेबलावर ठेवली. धाकटी समोरच बसली होती, दुसऱ्या प्रकरणातल्या सरांच्या खुणा समजावून घेत. सरांनी कागद उचलला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचला.

"'विलंबाचं कारण: नैसर्गिक आपत्ती. सहा महिन्यांची मुदतवाढ मंजूर. आपत्ती ओसरल्याचा दाखला विद्यार्थिनीनं दरमहा सादर करावा.'"

सरांनी कागद खाली ठेवला.

"काय बाई," त्यांनी विचारलं, "ओसरतेय का?"

धाकटीनं समोरच्या पानांकडे पाहिलं. प्रत्येक समासात सरांच्या बारीक अक्षरातल्या खुणा होत्या. एकट्या सतराव्या पानावर सव्वीस होत्या.

"ओसरतेय, सर," ती म्हणाली, "पण अजून खूप पाणी आहे."